चोरून खाल्लेली पालेभाजी

माणसं चोरून काय काय खातात. कुणी गुलाबजाम खातं, कुणी डॉक्टरांनी बंद केलेलं लोणचं खातं. मी पालेभाजी खायचो. पन्नाशी उलटलेला, चष्मा लावणारा, फायलींवर सह्या करणारा सरकारी माणूस ऑफिसातल्या लोखंडी कपाटाआड पाठ करून लाल माठ खायचा. हे वाचून कुणी हसलं तर मला राग नाही, मी स्वतःच लिहिताना हसतोय. पण तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझ्या चोरीपायी बायकोचं पुण्याला जाणं अडलं होतं, आणि पुण्यात आमच्या एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण येऊन ठेपलं होतं.

पहिल्यापासून सांगतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या हृदयातली एक झडप काढून तिथे धातूची झडप बसवली. ती वाजते. खोली शांत असली की शेजारी बसलेल्यालाही टिक टिक ऐकू येते. धातूची झडप म्हटल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची आली, आणि गोळीमागून आकडा आला. दर महिन्याला रक्त द्यायचं आणि आयएनआर नावाचा एक आकडा काढून आणायचा. माझा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. दोनच्या खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरायची भीती. तीनच्या बराच वर चढला तर कुठूनही रक्त वाहायची भीती. घरात आम्ही त्याला नुसतं 'आकडा' म्हणतो. आकडा आला का, आकडा काय म्हणतो, अशी त्याची चौकशी एखाद्या जावयासारखी होते.

दवाखान्यातून घरी सोडताना हातात एक कागद दिला होता. त्यावर दहा-बारा सूचना होत्या आणि मधेच एक ओळ होती: हिरव्या पालेभाज्या टाळा. पालेभाज्यांमधलं के जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, म्हणजे गोळी एका बाजूला ओढणार आणि भाजी दुसऱ्या, असा त्याचा अर्थ. बाकीच्या सूचना आम्ही महिन्याभरात विसरलो. ही एक ओळ मात्र बायकोने कोरून ठेवावी तशी लक्षात ठेवली.

आता माझं खाणं सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं दुःख कुणाला कळायचं नाही. मी पालेभाजीचा माणूस. मेथी, चाकवत, अंबाडी, चुका, तांदुळजा, काहीही चालतं. आमच्या अख्ख्या वर्गात शेपू आवडतो म्हणणारा मुलगा मी एकटा होतो आणि त्यापायी मी भरपूर चिडवून घेतलंय. लग्न ठरवताना मुलीला स्वयंपाक येतो का असं मी विचारलं नव्हतं. अळूचं फदफदं आवडतं का एवढंच विचारलं होतं. ती म्हणाली, "आवडतं, पण मुळा घातलेलं." मी त्याच क्षणी होकार दिला. अशा माणसाला सांगितलं की आता आयुष्यभर दुधी, दोडका, बटाटा आणि लाल भोपळा.

आणि बायकोने काय केलं, तर तिनेही सोडलं. मी म्हटलं, "अगं, तुला कुणी बंदी केली नाहीये. तू करून खा." तर म्हणाली, "तुमच्यासमोर बसून मी मेथी खाऊ? घास उतरेल मला?" झालं. घरात पाला यायचा बंद झाला. तिने कुठे बोलूनही दाखवलं नाही.

चार वर्षं तशीच गेली आणि मग माझी बदली झाली कोलकात्याला. गार्डन रीचला नदीच्या बाजूला ऑफिस, तिथून चालत पंधरा मिनिटांवर घर. पहिल्या रविवारी आम्ही दोघं बाजारात गेलो आणि मी रस्त्यात उभाच राहिलो. अहो, काय तो पाला! टोपल्याच्या टोपल्या. लाल माठ, मोहरीचा पाला, मायाळू, भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे, पाण्यातली कलमी, तागाची पानं, देठांसकट अळू. याला इथे शाक म्हणतात आणि जेवणाची सुरुवातच भात आणि शाकाने करतात. आधी शाक, मग बाकीचं जग. म्हणजे ज्या शहरात मी जन्मायला हवं होतं, त्या शहरात मला बंदी घालून पाठवलं होतं. बायकोने माझा दंड धरला आणि मला बटाट्यांच्या बाजूला वळवलं. पुढे ती बाजारात मागच्या दाराने जायला लागली, म्हणजे शाकवाल्या बायकांची रांग लागूच नये. त्या बायका लांबून ओरडायच्या, "बौदी, ताजं आहे, घेऊन जा!" बौदी म्हणजे वहिनी. आमची बौदी मान खाली घालून दुधी घ्यायची.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बंगाली गृहस्थ बसायचे, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. त्यांच्या आई रोज त्यांना डबा देत. एका दुपारी त्यांनी डबा उघडला आणि लाल माठाने गुलाबी झालेला भात समोर आला. लसणाचा वास, वर वाळलेली लाल मिरची. मी माझी पोळी आणि दुधीची भाजी घेऊन बसलो होतो. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी झाकणात दोन चमचे काढून माझ्यापुढे सरकवले. "दादा, एकटू खेये देखून." थोडं खाऊन तर बघा.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यात चमचा घातला.

चार वर्षांनी! मी खरंच डोळे मिटून घेतले. त्या गृहस्थांना वाटलं तिखट लागलं, ते पाणी घेऊन धावले. घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं असणार की महाराष्ट्रातल्या एका दादांच्या डोळ्यांत तुझं शाक खाऊन पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या नावाचा वेगळा छोटा डबा यायला लागला. त्यांच्या आईंना मी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायला लागलो, न भेटताच. भोपळ्याच्या शेंड्यांत कोळंबी नसेल तर ते कशाला खायचं, असं माशीमांचं ठाम मत होतं, तरी माझ्यासाठी त्या कोळंबीशिवाय वेगळं करायच्या आणि रोज निरोप पाठवायच्या की बिचारा काय खातोय कुणास ठाऊक. बिचारा दोन डबे खात होता. घरचा आणि माशीमांचा. वजन वाढायला लागलं. बायको म्हणायची, "दुधीने कुणाचं वजन वाढलेलं मी ऐकलं नाही." मी म्हणायचो, "इथलं पाणी."

एकदा शर्टावर माठाचा लाल डाग घेऊन घरी गेलो. तिने बघितल्याबरोबर मी म्हटलं, "पान खाल्लं. इथलं मिठा पान फार छान असतं." मग हा डाग पानाचाच वाटावा म्हणून आठवडाभर मी खरोखर रोज पान खाऊन घरी गेलो. चोरी लपवायला किती कष्ट पडतात ते साध्या माणसांना कळत नाही.

आता गंमत अशी की हा डबा काही नेमाने येणारा नव्हता. कधी आठवडाभर रोज शाक, तेही वाडगाभर. मग शेजारचे गृहस्थ रजा टाकून पुरीला जायचे, की दहा दिवस काही नाही. पावसाळ्यात माशीमांचे गुडघे दुखायचे, की महिना कोरडा. त्यामुळे माझा आकडा झोपाळ्यासारखा व्हायला लागला. एक पॉइंट सात. मग तीन पॉइंट सहा. मग परत एक पॉइंट आठ. खिदिरपूरला ज्या डॉक्टरांकडे आम्ही जायचो, ते म्हातारे, शांत गृहस्थ प्रत्येक वेळी गोळी थोडी वाढवायचे, थोडी कमी करायचे आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघायचो.

आणि बायको शोध घ्यायला लागली. तिचा संशय माझ्यावर नव्हता, स्वतःच्या स्वयंपाकावर होता. आकडा पहिल्यांदा घसरला तेव्हा तिने कोथिंबीर बंद केली. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा कढीपत्ता गेला. मग कोबी, फरसबी, मटार. मग हिरवी मिरची गेली आणि तिच्या जागी सुकी लाल आली. तिच्या हातचे पोहे म्हणजे आमच्या घराची शान. त्या पोह्यांवर आता हिरवं काही उरलं नव्हतं. टक्कल पडल्यासारखे ते पोहे समोर यायचे आणि मी मान खाली घालून खायचो. एकदा चहात घालायला काढलेल्या हिरव्या वेलदोड्याकडे ती बराच वेळ बघत होती. शेवटी तो तिने डब्यात परत टाकला. मी तेव्हाच तिचे पाय धरायला हवे होते. पण त्या दुपारी मोहरीचा पाला येणार होता.

मग भाद्रपदात लेकीचा फोन आला. जानेवारीची तारीख मिळाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर एवढं लांब आणि तिची नोकरी पुण्यात, म्हणून आईनेच तिकडे जायचं ठरलं. बायको इतकी हरखली की फोन ठेवल्या ठेवल्या जुन्या मऊ साड्या काढून दुपट्यांसाठी फाडायला बसली. डिंक कुठे मिळेल, अहळीव इथल्या बाजारात असतात का, खारीक पुण्यातच घ्यावी का, असं तिचं दिवसभर चालायचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढायचं म्हणत होती. आणि मग तिला माझा आकडा आठवला.

"तुमचा आकडा जागेवर आल्याशिवाय मी हलायची नाही," ती म्हणाली. "मी तिकडे आणि इथे तुम्हाला काही झालं तर?"

"अगं, पोरीचं बाळंतपण..."

"तिची सासू आहे तिथे. तुमचं इथे कोण आहे?"

हे बोलताना तिने दुपट्याची घडी घातली, उलगडली आणि परत घातली. मला स्वतःची अशी लाज वाटली की मी तिथल्या तिथे मनात शपथ घेतली. शाक बंद. घटस्थापनेच्या दिवशी मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं की माझा नवरात्राचा नेम आहे, आता डबा नको. माशीमांना वाईट वाटलं. पण मी पक्का राहिलो. नवरात्र गेलं, कोलकात्यातली पूजा गेली, कोजागरी गेली, मी एक पान खाल्लं नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. आता आकडा शहाण्यासारखा मध्ये येऊन बसेल आणि बायको पुण्याला जाईल, आणि या पुण्याचं श्रेय गुपचूप माझं.

एका सकाळी दात घासताना हिरड्यांमधून रक्त आलं आणि थांबेना. रक्त तपासलं, तर आकडा चार पॉइंट दोन.

मला कळेचना. आयुष्यात इतका सज्जनपणे वागलो नव्हतो आणि तेव्हाच हे! आज समजतं की गोळीचं प्रमाण माझ्या चोरीच्या हिशेबाने बसवलेलं होतं, चोरी थांबल्यावर गोळी एकटीच जोर करायला लागली. पण तेव्हा मी बाथरूममध्ये टॉवेल तोंडाला लावून उभा होतो आणि बायको दारात पांढरीफटक उभी होती. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली, मग कमी केली. तिकिटाचा विषय त्या दिवशी संपला. दुपट्यांची पिशवी तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

आणि मग आली नरक चतुर्दशी. सकाळी बायकोने उटणं लावलं, अभ्यंगस्नान झालं. कारीट इथे मिळत नाही म्हणून तिने आणलेलं एक छोटं कडू कारलं मी अंगठ्याने चिरडलं, चकली-शंकरपाळे खाऊन ऑफिसात गेलो. तिथे कळलं की बंगाल्यांकडे याच तिथीला भूत चतुर्दशी म्हणतात आणि चौदा प्रकारची शाकं खातात. भुतं लांब राहतात म्हणे, आणि ऋतू बदलताना आजारही. बाजारात चौदाही पाले एकत्र चिरून मिळतात. माशीमांनी माझ्यासाठी खास पाठवलं होतं आणि निरोप होता की नेम असला तरी आज खायचंच, आज नाही म्हटलं तर भूत धरतं.

चौदा! एका डब्यात! मी मेथीच्या एका जुडीसाठी जीव टाकणारा माणूस. चाकवत ओळखू आला, मोहरी ओळखू आली, कडुलिंब ओळखू आला, बाकीच्यांची नावं शेजारचे गृहस्थ सांगत होते आणि मी ऐकत नव्हतो, मी खात होतो. डबा पुसून खाल्ला. आणि एकदा नेम मोडल्यावर काय, पुढचा आठवडाभर रोज खाल्लं. भूत मला धरून बसलं होतंच.

पुढचा आकडा आला एक पॉइंट चार.

डॉक्टरांचं चेंबर दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी जिना चढताना बायको दोनदा थांबली. मी म्हटलं, "दम लागला?" तर म्हणाली, "चपला नव्या आहेत." चपला जुन्याच होत्या.

डॉक्टरांनी माझे सगळे जुने कागद टेबलावर ओळीने मांडले आणि त्यांच्या बंगाली वळणाच्या हिंदीत विचारलं, "शाक-पाता कितना खाते हैं?"

बायकोने उत्तर दिलं, आणि इतक्या अभिमानाने दिलं! "घर में एक पत्ता नहीं आता, डॉक्टरसाब. छे साल हो गये. धनिया भी नहीं."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिला पुढे बोलावलं, डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली. "आणि तुम्ही? तुम्ही स्वतः काय खाता?"

ती म्हणाली, "जे हे खातात तेच."

मला आजही ते वाक्य ऐकू येतं. त्या वाक्यात तिने सहा वर्षं घातली होती. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "नाही. मी जे खातो ते ही खात नाही."

मग मी सगळं सांगितलं. कपाट, डबा, लाल माठ, पान, पुरीची रजा, माशीमांचे गुडघे, चौदा शाकं. मधे कुठे थांबावं ते मला कळत नव्हतं. डॉक्टर आधी गंभीरपणे ऐकत होते, मग त्यांनी चष्मा काढला, मग ते हसायला लागले. इतके की त्यांना पाणी प्यावं लागलं. ते माझे कागद एकेक करून उचलायला लागले: ही पुरी, हे गुडघे, ही पूजा, ही भूत चतुर्दशी! वर्षभर न सुटलेलं कोडं सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मग त्यांनी नीट समजावलं. पालेभाजी या गोळीची शत्रू नाही. घातक आहे तो अनियमितपणा. एक दिवस डोंगर, दहा दिवस उपास, असं केलं की गोळीचं प्रमाण बसवताच येत नाही. रोज तेवढीच खा, साधारण एका वाटीची, चुकवू नका, वाढवू नका, आम्ही गोळी त्या वाटीच्या मापाने बसवू. मनाने काही बदलायचं नाही, दर आठवड्याला रक्त द्यायचं. आणि बायकोला म्हणाले की तुमचं रक्त कमी झालंय. इतकी वर्षं ताटातून एकेक वस्तू काढत गेलात, पालेभाजीतून मिळणारं फोलेट गेलं, थोडंफार लोह मिळत होतं तेही गेलं. तुम्हाला गोळ्या देतो, पण ती वाटी तुम्हालाही. वर लिंबू पिळून. त्यांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली 'शाक, रोज एक वाटी, दोघांनी' असं लिहून खाली रेघ मारली.

परतीच्या रिक्षात ती बाहेर बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "ते डबे परत कसे करायचात?"

"धुऊन द्यायचो."

"रिकामे?"

मी मान हलवली.

"दीड वर्ष त्या बाईंनी तुम्हाला खाऊ घातलं आणि तुम्ही रिकामे डबे परत दिलेत? एक लाडू नाही? चिमूटभर साखर नाही? काय म्हणत असतील त्या माझ्याबद्दल!"

मला वाटलं, चला, एवढ्यावर सुटलो. मी जरा हसलोसुद्धा. घरी पोचल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आकडा बिघडला की मी रोज आठवत बसायचे, आज माझ्या हातून काय गेलं. कशात काय पडलं. मला वाटायचं, माझ्याच हाताने मी तुम्हाला मारतेय."

मी 'चुकलो' म्हटलं. इतका छोटा शब्द आयुष्यात दुसरा वापरला नसेल. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि मला ते योग्यच वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती बाजारात पुढच्या दाराने गेली. शाकवाल्यांनी बौदीचं असं स्वागत केलं की विचारू नका. तिने अळू आणलं. मुळा, शेंगदाणे, चण्याची डाळ, चिंच-गूळ, सगळं रीतसर. दोन सारख्या वाट्या काढल्या, दोन्ही काठोकाठ भरल्या आणि सुरीच्या पात्याने वरून सपाट केल्या, म्हणजे एकीत थेंबभर जास्त नको. माझ्यासमोर बसली. पहिला घास घेतला आणि थांबली. मला वाटलं आता रडते की काय. पण ती म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि हसायला लागली. मग मीही हसायला लागलो, आणि आम्ही दोघं पन्नाशीची माणसं फदफद्याच्या वाट्या हातात धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मी वाटी चाटली. तिनेही चाटली. वर म्हणाली, "चाटलेलं मापात धरायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारायला हवं."

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात सणच होता. पोह्यांवर केस परत आले. रोज सकाळी आज कुठला पाला यावरून भांडण. मेथी, माठ, मायाळू, चाकवत. डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं की माप सोडायचं नाही, म्हणून सुरी रोज वाटीवरून फिरायची. माशीमांना तिने पहिल्यांदा डबाभर अळूवड्या पाठवल्या. उलट निरोप आला की छान आहेत, फक्त कोळंबी हवी होती. आणि आकडा? पहिल्या आठवड्यात एक पॉइंट नऊ. मग दोन पॉइंट दोन. मग दोन पॉइंट पाच. मग तो तिथेच राहिला, शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून. बायको जिना न थांबता चढायला लागली. दुपट्यांची पिशवी खाली आली.

जानेवारीच्या सुरुवातीला मी तिला डमडमला विमानतळावर सोडायला गेलो. आता उरणार होतं रिकामं घर, मी आणि शेजारच्या टेबलावरचा माशीमांचा डबा. मी आपणहून म्हटलं, "रोज जेवायच्या आधी वाटीचा फोटो पाठवत जाईन. भरलेली एक, रिकामी एक."

ती म्हणाली, "फोटो नको. मी विचारणारही नाही."

"अगं, पण..."

"नाही विचारणार," ती म्हणाली आणि बॅग ओढत आत गेली. काचेपलीकडून एकदा मागे वळून बघितलं तेव्हा मला एकदम भीती वाटली. सहा वर्षं ती राखण करत होती तेव्हा मी बिनधास्त चोरी केली. आता राखायला कुणी नव्हतं आणि चोरीची हिंमतच उरली नव्हती.

मी पालेभाजी चिरायला शिकलो. बोट कापलं, रक्त थांबायला अर्धा तास लागला. पहिली मेथी कडू झाली, दुसरी खारट, पालक नुसताच हिरवा चिखल. पण वाटी रोज तेवढीच. ऑफिसात डबा पुढे आला की मी हात जोडायचो आणि आमच्या शेजाऱ्यांना वाटायचं दादा रागावलेत. आम्ही रोज संध्याकाळी फोनवर बोलायचो. लेकीच्या पायावरची सूज, पुण्यातली थंडी, डिंकाचे लाडू बिघडले, सगळं बोलायची. आकड्याचं एकदाही विचारलं नाही. माझ्या जिभेवर यायचं, पण तिच्या न विचारण्यात आपणहून काही कोंबणं मला बरं वाटेना.

तीन आठवड्यांनी सकाळी रक्त देऊन आलो, दुपारी ऑफिसात आकडा कळला. मी तो कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवला. तासाभराने तिचा फोन आला. मागे लोकांचे आवाज होते, चाकं फिरल्याचा आवाज होता. ती म्हणाली, "मुलगी झाली. दोघी छान आहेत. भरपूर केस आहेत हो तिला." तिचा आवाज अगदी सरळ, नेहमीसारखा. मी काहीबाही ओरडलो असेन, कारण अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं.  तिकडे ती फोन कानाला लावून उभी होती, काही न विचारता.

मी म्हटलं, "दोन पॉइंट सहा."

तेव्हा ती रडली. चांगली मोठ्याने. मागून एक नर्स म्हणत होती, "आजी, अहो नात झाली, रडताय काय?"